पाखडणारीच्या पायाशी

धुळे,
८ नोव्हेंबर २०२३

चि. दिपमाला,

आशीर्वाद आहेतच, पण आज थोडे हातचे राखून पाठवतो आहे.

तुझ्या प्रदर्शनाची पत्रिका पोचली. जानेवारीत, जळगावला, पाच दिवस. कागद भारी वापरला आहेस. सोबत पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रणही वाचलं. त्यात तुझ्या सावद्याच्या खोलीचा फोटो आहे. भिंतभर केळी कापणाऱ्या माणसांचे फोटो, दोरीवर फोटो, जमिनीवर फोटो, आणि मधोमध तू, हातात कात्री घेऊन बसलेली. क्षणभर वाटलं, भाचीने शिवणकामाचं दुकान काढलं की काय. खाली छापलंय, ‘छायाचित्रांच्या आधारे चित्रनिर्मिती’. आधार म्हणे! आधार मला लागतो, जिना चढताना. तुला एक्केचाळिसाव्या वर्षीच लागला?

छत्तीस वर्षं मी पोरांना चित्रकला शिकवली. वर्षाच्या पहिल्याच तासाला सांगायचो, जो फोटोवरून चित्र काढेल त्याची वही फाडीन. आणि फाडल्यात. पालक भांडायला आले तरी फाडल्यात. कॅमेरा हा आळशी माणसाचा डोळा आहे. बटण दाबलं की पाहणं संपलं. त्या फोटोवरून तू जे करतेस त्याला माझ्या भाषेत नक्कल म्हणतात, आणि नक्कल करणाऱ्यांना मी मागच्या बाकावर बसवायचो.

आणि वर तुझं धाडस बघ. ‘पाखडणारी’ चार दिवसांसाठी मागतेस! चाळीस वर्षांपूर्वी तुझ्या आईला, माझ्या ताईबाईला, खळ्यावर समोर ठेवून तीन दिवस राबलो तेव्हा ते चित्र झालं. कोळसा, कागद आणि हे दोन डोळे. राज्यात पहिलं आलं. ते पूर्ण झालं आणि तीन महिन्यांत ताई तापाने गेली. तिचं या जगात उरलेलं रूप तेवढंच. ते मी तुझ्या कात्र्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या खोलीत पाठवू?

तुझं वाईट मी चिंतत नाही हे तुला ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी तुझ्या दातांना तार बसवून आणली ती याच मामाने. तुझ्या बापाला ते सुचलंही नव्हतं. म्हणून हक्काने सांगतो, ती फोटोंची रद्दी विकून टाक आणि माणसासमोर बसून चित्र काढायला शिक.

उत्तर द्यायचं तर कागदावर दे. तो मोबाईल मी घेतलेला नाही आणि घेणारही नाही.

तुझा मामा,
झुलाल


सावदा,
१७ नोव्हेंबर २०२३

मामा,

नमस्कार वाकून करणार होते, पण तुमचं पत्र वाचून पाठ ताठ झाली आहे.

तुम्ही माझं काम पाहिलंत ते वर्तमानपत्रातल्या तीन बोटं रुंद फोटोत. म्हणजे माझ्या चित्रांबद्दलचं तुमचं मत फोटोवरूनच झालं. असो.

आमच्याकडे केळीची कटाई चालते तेव्हा प्रेमराज नावाचा गडी घड खांद्यावर घेतो. मान एका बाजूला कलते, मोकळा हात हवेत जातो, पाय चिखलात रुततो. सगळं मिळून दोन सेकंद. मागे बाकीचे तयारच असतात आणि बांधावर ट्रक उभा असतो. त्याला मी सांगू, की बाबा, तीन दिवस असाच उभा राहा? मुकादम मला घडांबरोबर ट्रकात भरेल. म्हणून मी फोटो काढते. दोनशे काढते, त्यातले चार कामाचे निघतात. फोटोला कशाचंच महत्त्व कळत नाही. प्रेमराजचा खांदा आणि मागे पडलेली गुटख्याची पुडी त्याला सारखीच. काय ठेवायचं ते मला ठरवावं लागतं. एकातला खांदा कापते, दुसऱ्यातली मान, तिसऱ्यातला पाय. चिकटवते, नाही पटलं तर उचकटते. आणि कॅनव्हासवर अर्धं काम झालं की सगळे फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवते. उरलेलं डोक्यातून रंगवते. फोटो माझ्याकडे गडी म्हणून आहे, मालक म्हणून नाही. तुम्ही मात्र छत्तीस वर्षं तीच पितळी लोटी, तोच घडीचा टॉवेल आणि तेच मातीचं केळं टेबलावर मांडून पोरांना ‘निरीक्षण’ शिकवलंत. खरं केळं मांडलंत तर पोरं खातील म्हणून! त्यातला एक तरी पोरगा पुढे चित्रकार झाला का? मी झाले, कारण तुमच्या वर्गात नव्हते.

आता ‘पाखडणारी’ कशाला हवी ते सांगते, आणि इथे मला चेष्टा नको.

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. तिचा एकही फोटो नाही. बाबा म्हणायचे, तिच्या माहेरीही नव्हता. आयुष्यभर प्रत्येक अर्जावर तिचं नाव लिहिलं, पण डोळे मिटले की तिथे काहीच दिसत नाही. या प्रदर्शनात मला तिचं चित्र ठेवायचं आहे. दोन वर्षं तिला जुळवते आहे. आजीच्या रेशनकार्डावरच्या फोटोतली हनुवटी घेतली, तुमचं कपाळ घेतलं (दिवाळीत तुम्ही पेपर वाचताना चोरून फोटो काढला, क्षमा मागणार नाही), कान माझे. पण तोंडाशी येऊन सगळं अडतं. मला वाढवणारी अक्का, बाबांची थोरली बहीण, हिला पारोळ्याला जाऊन विचारलं. तुमच्या चित्राचं जुनं कात्रण दाखवलं. ती म्हणाली, “हाई मनी भावजाई नई शे. ती इतली गप कधी बठेच नई.” मग कशी होती, असं विचारलं तर, “मरेल मानूसनी खोड काढू नई.” वर म्हणते, लहानपणी तू अगदी तिच्यासारखी दिसायचीस, मग दिसेनाशी झालीस. याचा काय उपयोग? म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

म्हणून ते चित्र मला जवळून बघायचं आहे. दुसरा आधार नाही. शब्द तोच वापरते आहे, हसा.

दिपमाला


धुळे,
२५ नोव्हेंबर २०२३

चि. दिपमाला,

आई ही जुळवून काढायची वस्तू आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. भंगारवाल्याकडे सायकलचे सुटे भाग मिळतात तशी तू हनुवटी इथून, कान तिथून गोळा करत फिरतेस. माझं कपाळसुद्धा चोरलंस! आणि पुरावा कुणाचा, तर तुझ्या अक्काचा. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात जुना राग. माझ्या ताईचं लग्न तुझ्या बापाशी व्हावं हे तिला कधी पटलंच नव्हतं.

‘ती इतली गप कधी बठेच नई’ म्हणे. माझ्यासमोर बसली होती! तेव्हा मी पारोळ्याला शाळेत होतो, आणि ताईचं सासर दोन कोसांवर. मार्गशीर्षाचं ऊन, बाजरी खळ्यावर आलेली. पहिल्या दिवशी नुसती बैठक धरली, दुसऱ्या दिवशी छाया, तिसऱ्या दिवशी चेहरा. हातात सूप घेऊन ती अशी स्थिर असायची की श्वास घेते की नाही ते कळू नये. स्पर्धेचा नियमच होता, प्रत्यक्ष समोर पाहून केलेलं चित्र, फोटोवरचं चालणार नाही. पंधरा-सोळाशे चित्रांतून ते निवडलं. तिच्या पायाशी जी काळी सावली आली आहे तिच्यावर परीक्षकांनी स्वतंत्र परिच्छेद लिहिला होता, ‘कष्टकरी स्त्रीच्या आयुष्यावर पडलेली नियतीची सावली’. मला तो पाठ आहे. तुझ्या दोनशे फोटोंत असली एक सावली येईल का?

तरी मी कठोर नाही. चित्र घराबाहेर जाणार नाही, पण तू ये. रविवारी ये, बस सकाळची घे. मी ते भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवीन. तू समोर बसून पेन्सिलीने, हाताने, त्याची प्रत काढ. कॅमेरा आणायचा नाही, मोबाईल दारातल्या कोनाड्यात ठेवायचा. मी खुर्ची टाकून समोर बसणार आहे. आयुष्यात एकदा तरी डोळे वापरून बघ, काय दिसतं ते.

झुलाल


सावदा,
१२ डिसेंबर २०२३

मामा,

तुमचं ऐकलं आणि डोळे वापरले. जे दिसलं ते आता कळवते.

तुम्ही समोर खुर्चीत बसला होतात, पहिला अर्धा तास माझी पेन्सिल धरण्याची पद्धत चुकीची आहे हे सांगत होतात, मग पेंगलात. मी आईचा चेहरा आधी काढला. सरळ नाक, मिटलेले ओठ, खाली झुकलेली नजर. तो चेहरा मी यापूर्वी शंभरदा पाहिलाय, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि साबणाच्या वेष्टनांवर. अक्का खरं बोलली, ही कुणीच नाही. निराश होऊन बाकीचं काढत राहिले, कारण तुम्ही जागे झालात तर बोलाल म्हणून.

मग हात सुपाशी आला. सूप अर्धवट वर आहे. बाजरीचे दाणे सुपाच्या वर हवेत आहेत, दाणा न् दाणा वेगळा. पदराचं टोक वाऱ्यावर. तीन दिवस, मामा? तीन दिवस ते दाणे हवेत थांबले होते? तुमच्या धाकाने?

तरीही मी स्वतःला सांगितलं, कल्पनेने काढले असतील. मग सावली काढायला घेतली. लहानपणापासून ती पाहत आले, झाडाची म्हणून. पण एखादी गोष्ट पाहणं आणि तिच्या कडेकडेने पेन्सिल फिरवणं यात फरक आहे, हे तुम्हीच म्हणता, आणि तेवढं एक तुमचं बरोबर निघालं. कडेने पेन्सिल फिरली आणि कागदावर एक डोकं आलं. मग दोन खांदे. मग दोन्ही बाजूंना बाहेर निघालेले दोन कोपर, आणि हात तोंडाशी.

ही सावली मी ओळखते. माझ्या शंभरातल्या तीस फोटोंत ती असते. ऊन पाठीवर घेऊन फोटो काढला की काढणाऱ्याची सावली पुढे, समोरच्याच्या पायाशी पडते, दोन कोपर बाहेर काढून. मी ती दरवेळी कात्रीने कापून टाकते. तुम्ही ती कोळशाने मन लावून रंगवलीत, आणि नियती म्हणून तिला राज्याचं पहिलं बक्षीस मिळालं. हसू की रडू ते कळेना. परीक्षकही तुमच्याच तोलामोलाचे होते म्हणायचे.

तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हा मी सहज विचारलं, ही सावली कशाची? तुम्ही म्हणालात, लिंबाची. मामा, तुम्ही शेतकऱ्याच्या घरात जन्मलात. खळ्यावर कुणी झाड ठेवतं?

फोटोवरून चित्र काढलंत याचं मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही. मीही तेच करते, आणि उघड करते. मला फक्त एवढंच सांगा. फोटोवरून काढलंत, म्हणजे फोटो होता. तो कुठे आहे?

दिपमाला


धुळे,
१६ डिसेंबर २०२३

दिपमाला,

माझ्या घरी जेवलीस, माझ्या टेबलावर बसलीस आणि मला चोर ठरवून गेलीस. कॅमेऱ्याच्या नादाने तुझी नजरच नासली आहे, सगळीकडे तुला कॅमेराच दिसतो. सावली लिंबाची आहे. दाणे कल्पनेने काढले आहेत, त्याला प्रतिभा म्हणतात, ती विकत मिळत नाही.

फोटो नव्हता. नाही. या विषयावर पुन्हा पत्र आलं तर न फोडता परत पाठवीन.

झुलाल


पारोळा,
२४ डिसेंबर २०२३

मामा,

हे पाकीट परत पाठवणार असाल तर पाठवा. पाकिटाच्या मागे मी मोठ्या अक्षरांत ‘हीरालालशेठ’ असं लिहिलंय, ते वाचून तुम्ही फोडाल याची मला खात्री आहे.

त्या काळात या भागात कॅमेरा असणार कुणाकडे, असा साधा विचार केला. अक्का म्हणाली, कापडवाल्या हीरालालशेठकडे. गेले दुकानात. त्यांचा नातू मनन गल्ल्यावर बसतो, शेठ आत पलंगावर असतात, ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि डोकं अजून शाबूत आहे. तुमचं नाव काढल्यावर खुश झाले. म्हणाले, “बेटा, झुलालने कॅमेरा एका दिवसासाठी नेला. बहिणीचा फोटो घ्यायचा म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत. तीन दिवस कुठले?” रीळ त्यांनी जळगावला धुवून आणलं, फोटो आणि निगेटिव्ह दोन्ही तुमच्या हातात दिलं.

मी उठणार होते, तर त्यांनीच हात धरून बसवलं. आई गेल्यावर बाराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून बाबा गावभर विचारत हिंडले होते. शेठकडेही आले. शेठ सांगणारच होते, पण आदल्याच संध्याकाळी तुम्ही येऊन गेला होतात. “शेठ, बक्षीस लागलंय. फोटोचं कळलं तर जाईल. आणि नोकरीवर गदा येईल.” शेठ गप्प राहिले. चाळीस वर्षं गप्प राहिले. काल मात्र म्हणाले, “तुझा बाप दुकानाच्या पायरीवर बसून रडला होता, आणि मी कापड मोजत होतो. ते अजून खातं मला.”

एका परक्या माणसाला ते खातं. तुम्ही त्या बाराव्याला जेवलात.

मला आता तुमचा राग येत नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. तुमची ती बक्षिसाची फ्रेम, ती ‘निरीक्षणा’ची भाषणं, फाडलेल्या वह्या, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि कीव करण्याचीही इच्छा उरली नाही. किती पोरांच्या वह्या फाडल्यात मामा, तुमची स्वतःची फाडायची हिंमत नव्हती म्हणून?

बक्षीस तुमच्याकडेच ठेवा. मी कुणाला सांगणार नाही, हे शेठसमोर कबूल करून आले आहे. मला ते चित्र नको. तुमच्या कुठल्यातरी पेटीत माझी आई आहे, ती परत द्या. प्रदर्शन वीस जानेवारीला आहे, पण त्याचीही मला पर्वा नाही. मला तिचा चेहरा बघायचा आहे.

दिपमाला


धुळे,
२ जानेवारी २०२४

दिपमाला,

पाकीट फोडलं.

सोबत फोटो आहे. आधी तो बघितला असशील, मग हे वाचत असशील. मी असतो तर तेच केलं असतं.

मी खरोखरच कोळसा आणि कागद घेऊन गेलो होतो. सकाळपासून बांधावर बसलो, ती काही थांबेना. म्हटलं, ताई, जरा स्थिर बस. तर म्हणाली, “माले टाइम नई शे, भाऊ. इतलं धान कोन पाखडी?” दुसऱ्या दिवशी हीरालालचा कॅमेरा घेऊन गेलो. ते यंत्र बघून तिला हसू आवरेना. “काढ तुना फोटू नि जाय,” म्हणाली. एकच काढला. नंतर त्या फोटोवर शाईने चौकोन आखले, तेवढेच चौकोन कागदावर मोठे आखले, आणि एकेका चौकोनातलं उतरवून घेतलं. बोर्ड रंगवणारे ज्याला ग्राफ टाकणं म्हणतात तेच. त्यांना मी आयुष्यभर रंगारी म्हणून हिणवलं. ते निदान दुकानाची पाटी प्रामाणिकपणे रंगवतात.

चेहऱ्याच्या चौकोनांपाशी आलो आणि मला लाज वाटली. ताईचे पुढचे दात ओठांबाहेर असायचे, हसली की सगळेच दिसायचे. असा चेहरा बक्षिसाला कोण विचारणार? म्हणून ओठ मिटवले. नाक सरळ केलं. मग ती हसरी नजर त्या ओठांवर शोभेना, म्हणून ती खाली झुकवली. सावली मात्र फोटोत होती तशीच उतरवली. खरं सांगतो, ती कुणाची हा विचारही मनात आला नाही. चाळीस वर्षं रोज समोर होती आणि मला ती झाडाचीच वाटायची. तू विचारलंस तेव्हा लिंबाची म्हणालो ते खोटं नव्हतं. तू गेल्यावर कंदिलाच्या काचेसारखी ती फ्रेम पुसून जवळून पाहिली. माझेच कोपर आहेत.

बक्षिसाचं पत्र आलं ते ती गेल्यावर आठव्या दिवशी. बाराव्याला रुपचंदने, तुझ्या बापाने, सगळ्यांसमोर विचारलं, कुणाकडे तिचा फोटो आहे का? माझ्या तोंडून नाही निघून गेलं. वाटलं, वर्षभराने देऊ. वर्षाने देणं आणखी अवघड झालं. तू शाळेत जायला लागलीस, तेव्हा तर फारच. मग वर्गात फोटोला शिव्या घालायला सुरुवात केली, इतक्या मोठ्याने की मला कुणी विचारूच नये. तुझ्या भिंतीवरचे ते फोटो कात्रणात पाहिले तेव्हा पहिली भीती हीच वाटली, की ही पोरगी फोटोंची भाषा वाचते, एक दिवस माझं चित्र वाचेल. पहिलं पत्र त्या भीतीने लिहिलं होतं. त्यातला एक शब्द खरा मानू नकोस.

फोटोवर चौकोन आहेत. पाठवण्याआधी ओल्या कापसाने पुसून पाहिले, तर कपाळावरचा रंग निघायला लागला. हात थांबवला. ताईला तशीच पाठवतो आहे.

झुलाल


सावदा,
१४ जानेवारी २०२४

मामा,

पाकीट एकटीने उघडायची हिंमत होईना म्हणून पारोळ्याला अक्काकडे गेले. तिच्या हातात फोटो दिला. तिने तो खिडकीपाशी नेला, डोळ्यांजवळ धरला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि फोटोतल्या बाईला दटावलं, “इतली काय हासी ऱ्हायनी व? लोक देखी ऱ्हायनात!” मग खाली बसली आणि चाळीस वर्षांचं रडली.

मी अजून फोटो पाहिला नव्हता. अक्काने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं, आणि मेलेल्या माणसाची खोड न काढण्याचा तिचा नेम मोडला. “तुना बी दात अशाच व्हतात. झुलाल तुले धुये लई गया नि सीधा करी लयना.” माझे दात, तुम्ही धुळ्याला नेऊन सरळ करून आणलेले.

मग मी फोटो पाहिला.

घरी येऊन ट्रंक उपसली. माझे लहानपणीचे फोटो मोजून सहा, त्यातल्या पाचांत माझं तोंड घट्ट मिटलेलं. कॅमेरा समोर आला की सगळे ओरडायचे, तोंड मिट, दात दिसतात. सहावीतल्या एका सहलीच्या फोटोत मात्र मी बेसावध सापडले आहे, खो खो हसताना. तो आईच्या फोटोशेजारी ठेवला. मामा, काही जुळवायचं उरलंच नाही. आजीची हनुवटी, तुमचं कपाळ मागत मी दोन वर्षं फिरले, आणि अख्खी आई चौदाव्या वर्षापर्यंत माझ्या तोंडावर होती. रोज आरशात यायची. अक्का सांगत होती आणि मी तिला म्हातारी म्हणाले.

तुमचं पत्र पुन्हा वाचलं. कागदावरचे ओठ मिटवल्याचं कबूल केलंत. माझ्या दातांच्या तारेबद्दल त्यात एक ओळही नाही. विसरलात की तेवढं लपून राहील असं वाटलं? सुट्टीत तुमच्याकडे यायचे, ताटावर समोर बसून हसायचे, आणि माझ्या तोंडावर ती, तुमची ताई, हसायला लागायची. ते तुम्हाला बघवेना. म्हणून बसमध्ये घालून दवाखान्यात नेलंत आणि घास गिळता येत नव्हता तेव्हा आइस्क्रीम खाऊ घातलंत. सत्तावीस वर्षं मी त्या तारेला मामाची माया समजत आले. नोव्हेंबरात तुम्ही त्याची आठवणही करून दिलीत, हक्काने! फोटो लपवलात तो मी कदाचित विसरेन. हे विसरेन असं वाटत नाही. एकदा कागदावर आणि एकदा माझ्या तोंडात, दोन्ही वेळा तुम्ही तिचं हसणं बंद केलंत.

चित्र झालं. नऊ दिवस लागले. अर्ध्यावर आल्यावर फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि उरलेली ती आरशात बघून रंगवली. दात सगळे आहेत. तुमचे चौकोनही मी तिच्या अंगावरून काढलेले नाहीत, बारीक रेघांत ठेवलेत, कारण ती माझ्यापर्यंत आली ती त्या जाळीतूनच. आणि आजवर प्रत्येक वेळी कापून टाकली ती सावलीसुद्धा या वेळी ठेवली आहे, दोन्ही कोपरांसकट. ती जागा तुमची आहे. चित्राखाली तुमचं नाव नाही, बक्षिसाची गोष्टही नाही. शब्द दिलाय तो पाळते आहे.

उद्घाटनाला येऊ नका. तुम्ही चार पाहुण्यांसमोर काहीतरी बोलाल आणि मला हसू येईल, आणि मी आता तोंड मिटून हसत नाही. शेवटच्या दिवशी, चोवीस तारखेला दुपारी या. त्या वेळी हॉलमध्ये कुणी नसतं. तिच्यासमोर उभे राहा आणि जे तेव्हा जमलं नाही ते करा, नुसतं बघा. घाई करू नका. तिला आता टाइमच टाइम आहे.

येताना ‘पाखडणारी’ आणू नका. त्या बाईला मी ओळखत नाही.

दिपमाला